फेटाळलेल्यांचा गठ्ठा

मागच्या पावसाळ्यात आमच्या कंपनीकडे एका सरकारी कार्यालयाचं काम आलं. त्या कार्यालयाने गावातल्या सार्वजनिक सोयींबद्दल, म्हणजे रस्ते, पाणवठे, स्मशानभूमी वगैरेंबद्दल, एक मसुदा प्रसिद्ध केला होता आणि त्यावर लोकांकडून 'हरकती व सूचना' मागवल्या होत्या. मुदत तीस दिवसांची. सूचना हजारोंनी येणार आणि वाचायला माणसं दोन, असा हिशेब होता. म्हणून आलेल्या सूचनांची चाळणी करणारी एक प्रणाली हवी होती. कामाच्या नसतील त्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्या विषयवार लावून द्यायच्या. चाळणीचे नियम ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मी इंजिनिअर आहे. नियम म्हटलं की मला बरं वाटतं. पहिल्या दोन दिवसांत मी सहा नियम लिहिले. अपशब्द असलेली सूचना बाद. जाती-धर्माबद्दल आक्षेपार्ह मजकूर असलेली बाद. एखाद्या अधिकाऱ्याचं किंवा व्यक्तीचं नाव घेऊन आरोप केलेली बाद. विषयाशी संबंध नसलेली बाद. आधी आलेल्या सूचनेशी शब्दशः जुळणारी बाद. पाच ओळींपेक्षा कमी किंवा दोन पानांपेक्षा जास्त असलेली बाद. जी बाद होईल तिच्या लेखकाला मोबाईलवर एक संदेश जाईल: 'आपली सूचना नियमांनुसार नसल्याने स्वीकारता येत नाही.' हे वाक्यही मीच लिहिलं. लिहिताना ते मला सभ्य वाटलं होतं.

अपशब्दांची यादी करायला आम्ही पाच जण एका दुपारी चहा घेऊन बसलो. इंग्रजी शिव्यांची तयार यादी मिळते, मराठीची मिळत नाही. मग प्रत्येकाने आपापल्या गावाकडच्या शिव्या सांगायच्या. कोल्हापूरचा एक, नागपूरचा एक, दोघे पुण्याचे आणि मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. खूप हसलो. शेवटी कुणीतरी म्हणालं, जातिवाचक शब्दही टाकायला हवेत, उगाच भानगड नको. सगळ्यांना पटलं. जातींची नावं पटापट टाइप झाली. त्या वेळी कुणीही हसलं नाही, पण कुणी थांबून विचारही केला नाही.

मुदत संपायला दहा दिवस उरले होते तेव्हा मी शनिवार-रविवारला जोडून गावी गेलो. बावडा नीरेच्या काठाकडचं, पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाचं गाव. इंदापूरहून अकलूजच्या रस्त्याला लागलं की येतं. नदी ओलांडली की माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. आमच्या घरी ऊस आहे. वडील शेती बघतात, आजी अजून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. पाऊस लागलेला, रानात काही काम नव्हतं. लॅपटॉप उघडला आणि सहज म्हणून फेटाळलेल्यांचा गठ्ठा वाचायला घेतला. तोवर त्यात चारशेच्या आसपास सूचना साठल्या होत्या. स्वीकारलेल्या सूचनांचा तक्ता मी रोज पाहत होतो. फेटाळलेल्यांकडे पाहायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

पहिल्या काहींवर चाळणी बरोबर होती. एकाने कुठल्याशा कर्जाची जाहिरात पाठवली होती. एकाने नुसत्याच शिव्या दिल्या होत्या, मसुद्याबद्दल अक्षर नव्हतं. पुढे मात्र माझा वेग कमी होत गेला.

एका शेतकऱ्याने रस्त्याच्या मोरीबद्दल लिहिलं होतं. मोरीचा पाइप किती व्यासाचा हवा, पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, सगळं नीट. सुरुवात होती, 'आयला साहेब, दरवर्षी हेच.' या पहिल्या शब्दापायी ती बाद झाली होती. आमच्या भागात हा शब्द स्वल्पविरामासारखा वापरतात. माझे वडील तो देवाचं नाव घेतानाही वापरतात. आणि यादीत तो शब्द मीच सांगितला होता.

एकाच गावातल्या बासष्ट जणांनी अगदी सारखा मजकूर पाठवला होता. पहिला स्वीकारला गेला, एकसष्ट बाद झाले. हा एखाद्या पुढाऱ्याचा उद्योग असेल, असं मला आधी वाटलं. मग आठवलं, आमच्याकडे अर्ज कसे लिहिले जातात. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात एक पोरगा असतो. तो एकदा नीट मजकूर बसवतो आणि बाकीचे म्हणतात, माझ्याही नावाचा काढ. वडिलांनी कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरला तो असाच. शब्द दुसऱ्याचे असले तरी पाणी आपल्याच रानाला हवं असतं.

आणि हे मला तरी कळायला हवं होतं. एप्रिल २०१५मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ मार्चला एक सल्लामसलत पत्रिका काढली होती. इंटरनेटवर कंपन्यांना काही सेवांसाठी वेगळे दर लावता यावेत का, नेट न्यूट्रॅलिटी राहावी का, असा तो प्रश्न होता. पत्रिका शंभरावर पानांची. होस्टेलवर कुणीही ती वाचली नव्हती. कार्यकर्त्यांनी तयार उत्तरांचा मसुदा उपलब्ध करून दिला होता, बटण दाबलं की आपल्या नावाने ईमेल जायचा. आम्ही सगळ्यांनी दाबलं. देशभरातून दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. माझ्या आजच्या नियमाने तेव्हाचे त्यातले बहुतेक ईमेल बाद झाले असते, माझा धरून.

ट्रायने ते बाद केले नाहीत. २७ एप्रिलला सगळे ईमेल जाहीर केले, पण पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. दहा लाख लोकांचे पत्ते एका झटक्यात उघड्यावर आले. पारदर्शकतेच्या नावाखाली झालेली ती मोठी चूक होती आणि ओरड झाली ती योग्यच झाली. त्याच वर्षअखेरीस फेसबुकने 'फ्री बेसिक्स'च्या बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून असेच तयार मजकूर पाठवून घेतले. तेव्हा ट्रायने वेगळी भूमिका घेतली: विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं या मजकुरात नाहीत, लोकांना प्रश्न सांगून उत्तरं मागा. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. मला यात एक धडा दिसतो. मजकूर तयार आहे की स्वतःचा, हा प्रश्न दुय्यम. तो विचारलेल्या गोष्टीबद्दल काही सांगतो का, हा खरा. माझा नियम मात्र फक्त अक्षरं जुळवून पाहत होता.

गठ्ठ्यात खाली एका बाईंची सूचना होती. त्यांचं नाव, जिल्हा काही सांगत नाही. स्मशानभूमीकडे जाणारी वाट पावसाळ्यात पाण्याखाली जाते, तेव्हा प्रेत घेऊन दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागतं आणि दर वेळी अडवणूक होते, असं त्यांनी लिहिलं होतं. मागच्या वेळी अडवणाऱ्याने काय शब्द वापरले तेही लिहिलं होतं. मसुद्यात स्मशानभूमी आहे, पण तिथवरच्या वाटेचा उल्लेख नाही, तो घाला, एवढीच मागणी. हजारो सूचनांमध्ये इतकी नेमकी मागणी मी दुसरी पाहिली नव्हती.

शेरा होता: बाद. कारण: आक्षेपार्ह भाषा. यादीतला शब्द दोन ठिकाणी सापडला होता. एकदा शिवी म्हणून उद्धृत केलेल्या वाक्यात आणि एकदा पत्त्यात. त्यांच्या वस्तीचं नाव महारवाडा असं होतं.

मी बराच वेळ तसाच बसलो. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत असं ठरलं. निर्णय चांगलाच आहे. पण माणूस अर्जावर पत्ता लिहितो तो त्याच्या जुन्या कागदावर असतो तसा. त्या पलीकडे, महार, मांग, चांभार ही नावं १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने केलेल्या अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. जातीच्या दाखल्यावर सरकार स्वतः ती छापतं. सरकारने छापून दिलेला शब्द बाईंनी सरकारलाच लिहून पाठवला आणि सरकारच्या वतीने मी तो असभ्य ठरवला.

कायदाही या शब्दांकडे एकाच नजरेने पाहत नाही. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा सांगतो की अनुसूचित जातीच्या माणसाला लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं गुन्हा आहे. मग तक्रार करायची तर काय बोललं गेलं ते तक्रारीत यायला हवं. म्हणजे एकच शब्द एकाच्या तोंडी गुन्हा असतो, दुसरीच्या अर्जात पुरावा असतो आणि तिसऱ्या ओळीत नुसता पत्ता असतो. माझी यादी तिन्हींना एकाच पोत्यात भरत होती. आणि तोटा कुणाचा होत होता? शिवी देणाऱ्याने तर काही सूचना पाठवलीच नव्हती. चाळणीत अडकली ती शिवी ऐकणारी.

हे सगळं मी बावड्यात बसून वाचत होतो, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिणं भाग आहे.

माझ्या गावाचं नाव मी पहिल्यांदा पुस्तकात वाचलं ते पुण्यात, नोकरीला लागल्यावर. दलित पँथरच्या इतिहासात. १९७२ साली बावड्यात दलितांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला होता. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी पँथर उभी केली आणि ती का उभी राहिली हे सांगताना परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावाबरोबर बावड्याचं नाव येतं. मी या गावात वाढलो. दहावीपर्यंत इथेच शिकलो. नीरेच्या पुराच्या गोष्टी ऐकल्या, बहात्तरच्या दुष्काळाच्या तर रोजच ऐकल्या: सुकडी, दुष्काळी कामं, खडी फोडणं. त्याच बहात्तर सालातली ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

त्या शनिवारी संध्याकाळी मी आजीला विचारलं. ती लसूण सोलत होती.

"आजी, बहात्तरला गावात बहिष्कार होता का गं?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "व्हता. त्यांच्याशी बोलायचं न्हाई, असं ठरलं व्हतं."

"आणि तू?"

"न्हाई बोलले."

वडील आतून म्हणाले, "कशाला काढतुयास ते आता? पन्नास वर्षं झाली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. आजी थोड्या वेळाने म्हणाली, "शेजारून जायची माझ्या वयाची एक. तिनं हाक मारलेली मला, दोनदा." पुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

बहिष्कारात शिवी लागत नाही. उत्तर न देणं पुरतं. रात्री झोप येईना तेव्हा मला माझा संदेश आठवला, 'आपली सूचना नियमांनुसार नसल्याने स्वीकारता येत नाही.' कोणता नियम, कोणता शब्द, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येईल का, दाद कुणाकडे मागायची, यातलं त्यात काहीच नव्हतं. १९७२चा बहिष्कार आणि माझा संदेश या एका मापाच्या गोष्टी नाहीत. तसं म्हणणं म्हणजे ज्यांनी तो सोसला त्यांची थट्टा होईल. पण हाक मारल्यावर समोरून काहीच न येणं म्हणजे काय, हे त्या बाईंना माझ्यापेक्षा नक्की जास्त कळत असणार.

रविवारी मी नियम पुन्हा लिहायला बसलो. या वेळी आधीचे नमुने शोधले. ते आपल्याकडे आहेत, फक्त मी कधी त्या नजरेने पाहिले नव्हते.

माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा घ्या. अर्जदाराला माहिती का हवी ते विचारता येत नाही. आणि अर्ज फेटाळायचा तर कलम ७(८) प्रमाणे तीन गोष्टी कळवाव्याच लागतात: फेटाळण्याचं कारण, अपील किती दिवसांत करायचं आणि कुणाकडे करायचं. म्हणजे कायदा नकाराला बंदी करत नाही, मुक्या नकाराला करतो.

ग्रामसभा घ्या. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती नाही भरली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणून किती ठिकाणी खरी सभा ही तहकूब सभाच असते. पण त्याच कायद्यात एक शहाणी तरतूद आहे: नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची. सगळ्यांना बोलायची मुभा आहे एवढं म्हणून भागत नाही, काहींना बोलता यावं म्हणून वेगळी जागा करावी लागते, हे नियम करणाऱ्याला माहीत होतं. माझ्या सहा नियमांत असा एकही नव्हता. सहाच्या सहा दार लावायचे होते.

आणि 'आक्षेपार्ह' हा शब्द. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये असेच शब्द होते: अत्यंत आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोयीचं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं विचारणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि तिच्या पोस्टला पसंती देणाऱ्या मैत्रिणीला अटक झाली, त्यात हे कलम होतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला ते रद्द केलं. या शब्दांना ठोस अर्थ नाही, एकाला आक्षेपार्ह ते दुसऱ्याला नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. ट्रायची पत्रिका त्यानंतर तीनच दिवसांनी आली. दोन्ही बातम्या मी होस्टेलच्या मेसमध्ये मोठ्या उत्साहाने चघळल्या होत्या. दहा वर्षांनी नियम लिहायची वेळ आली तेव्हा हात आपोआप त्याच शब्दाकडे गेला.

सोमवारी मी त्या कार्यालयातल्या मॅडमना भेटलो. नवे नियम चारच होते. यंत्राने कुठलीही सूचना स्वतःहून बाद करायची नाही, फक्त खूण करायची, निर्णय माणसाने घ्यायचा. सारख्या मजकुराच्या सूचना एकत्र बांधायच्या, पण पाठवणारे सगळे मोजायचे. नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवायचं आणि दुरुस्तीला सात दिवस द्यायचे. किती नाकारल्या आणि का, याचा आकडा शेवटी जाहीर करायचा, लोकांचे फोन आणि पत्ते न दाखवता.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण वाचायला माणसं कुठून आणू? दोन क्लार्क आहेत, त्यातल्या एकीची निवडणुकीच्या कामाला ड्यूटी लागलीय."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सरकारी कार्यालयाला चाळणी लागते ती नेहमी तोंड बंद करायलाच लागते असं नाही. खरोखर वेळ नसतो. आणि नियमच नसतील तर जो मोठ्याने आणि जास्त वेळा बोलतो त्याचाच गठ्ठा वर येतो. अशा गोंगाटात त्या बाईंची वाट पुन्हा बुडालीच असती. म्हणून नियम नकोत असं मी म्हणणार नाही. नियम कुणाला अडवतात ते नियम करणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावं, एवढंच म्हणेन.

शेवटी तडजोड झाली. यंत्राने बाद करणं थांबलं. त्या चारशे सूचना एक क्लार्क, मी आणि आमचा कोल्हापूरकर मित्र अशा तिघांनी चार संध्याकाळी बसून वाचल्या. तीनशे सत्तावीस परत आत घेतल्या, त्यांना तसं कळवलं. बाकीच्यांना एका ओळीत कारण गेलं. दुरुस्तीला सात दिवसांऐवजी तीन मिळाले. नाकारलेल्यांचा आकडा जाहीर करायची सूचना मात्र मॅडमनी 'वर' पाठवली आणि ती अजून वरच आहे. जातींची नावं यादीतून काढताना मला कारण लिहून द्यावं लागलं. ती टाकताना कुणी कारण विचारलं नव्हतं.

त्या बाईंची सूचना आता 'स्मशानभूमी: पोहोच रस्ता' या शीर्षकाखाली आहे, पत्त्यासकट आणि त्या वाक्यासकट. अंतिम मसुदा अजून निघालेला नाही. त्यात वाट असेल की नाही, मला सांगता येत नाही. त्यांना फोन करावा असं एकदा वाटलं. नंबर माझ्यासमोर होता. पण लोकांनी नंबर दिला तो सरकारला दिला, मला नाही, हा नियम मीच लिहिला होता आणि तो अजूनही बरोबर वाटतो. दुसरा संदेश तेवढा मी नव्याने लिहिला: 'आपली सूचना चुकीच्या कारणाने बाजूला ठेवली गेली होती. ती आता स्वीकारली आहे. चूक आमची होती.' शेवटचं वाक्य मॅडम काढतील असं वाटलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजीला विचारलं, तुला हाक मारणारी ती कोण होती. तिने नाव सांगितलं. म्हणाली, गेली ती, चार वर्षं झाली. मग म्हणाली, तिचा नातू पुण्याला तुझ्यासारखाच कॉम्प्युटरवर कामाला हाय, असं कुणीतरी सांगत व्हतं. मी नाव लिहून घेतलंय. अजून शोधलेलं नाही. शोधलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते काही मला अजून सुचलेलं नाही.